नव्या माणसाचं काय करायचं?

आमच्या मराठी मंडळीत नवा माणूस आला, की उपासना संपून चहा येईपर्यंत त्याची वंशावळ तयार असते. ‘सलाम. कुठले आपण? नगरचे? मग मिशन शाळेतले ते गणिताचे मास्तर तुमचे कोण?’ तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं, चौथ्याला त्या नात्यातलं जुनं भांडण. माझं माहेर नगरचं, मेथडिस्ट मी लग्नानं झाले. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी माझ्या पणजीच्या दम्यापर्यंतची माहिती सासरच्या मंडळीनं काढून घेतली होती.

अमेरिकेत लेकीच्या शहरातलं मेथडिस्ट चर्च याच्या नेमकं उलट. (शहराचं नाव सांगत नाही, लेक हे वाचते.) दारावर इंद्रधनुषी झेंडा आणि शेजारी स्वागताची पाटी. वर्ण, वय, लिंग, पगार, तुरुंगवास, श्रद्धा, शंका, सगळ्यासकट या, असं तीत लिहिलेलं. यादी एवढी लांब की आपण नक्की कशात बसतो हे शोधेपर्यंत आत पहिलं गीत संपतं. दारातल्या बाईंनी हसून नावाची चिकटपट्टी दिली. नावाखाली स्वतःला ‘ती’ म्हणवून घ्यायचं, ‘तो’ की आणखी काही, तेही लिहायचं होतं. मात्र ‘कुठून आलात?’ हे कुणी विचारेना. हा प्रश्न इथं काहींना टोचतो म्हणे. मला तो न विचारल्याचंच टोचत होतं.

पण त्या पाटीला हसणं बरं नव्हे, ती स्वस्तात आलेली नाही. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या माणसांना ओढून उठवलं होतं. त्यांच्यातले रिचर्ड ॲलन बाहेर पडले आणि 1816 साली त्यांच्या पुढाकारानं काळ्या मेथडिस्टांचा स्वतंत्र पंथच उभा राहिला. पुढं 1972 साली युनायटेड मेथडिस्टांच्या नियमपुस्तकात समलैंगिकतेविरुद्धचं वाक्य घुसलं, ते निघायला 2024 उजाडलं. त्याआधीच्या चारपाच वर्षांत, मुख्यतः याच वादातून, अमेरिकेतली साडेसात हजारांहून अधिक चर्चेस वेगळी झाली. म्हणजे पाटीतल्या एकेका शब्दामागे कुणीतरी कधीतरी उंबऱ्याबाहेर उभं राहिलेलं आहे.

प्रभुभोजनाला तर कुणीही यावं, सभासद असण्याची अट नाही. प्याल्यात वाइन नसते, द्राक्षांचा रस असतो. वेल्च नावाच्या एका मेथडिस्ट दंतवैद्यानं 1869 साली रस न आंबवता टिकवण्याची युक्ती काढली, ती मेथडिस्टांच्या दारूबंदीच्या पथ्यावर पडली. दातांच्या डॉक्टरनं गोड रस खपवावा, यात धंद्याचा काही दूरदर्शी हिशेब असेल का, असं माझ्या मनात आलं. ते प्रभुभोजनाच्या रांगेतच आलं, याची क्षमा असावी.

एवढ्या उदार पाटीत एकच गोष्ट लिहायची राहिली होती: तिसऱ्या बाकाची डावी कड. तिथं मी टेकले, तर एक आजी समोर येऊन अत्यंत प्रेमानं हसत उभ्या राहिल्या. हसत होत्या, पण हलत नव्हत्या. मीच सरकले. बाकाच्या बाबतीत नगर, मुंबई आणि अमेरिका अगदी एक आहेत.

नंतर कॉफी. कप हातात देताना सगळे हसले आणि मग आपापल्या घोळक्यात गेले. मला तेव्हा इंग्लंडमधलं ब्रिस्टल आठवलं. तिथल्या मेथडिस्टांच्या डोक्यावर 1742 साली इमारतीचं कर्ज होतं. फॉय नावाच्या एका कॅप्टननं सुचवलं, दर माणशी आठवड्याला एक पेनी काढू. गरिबांना कुठली परवडायला, असं कुणी म्हणताच तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचीही मीच भरीन. झालं, बाराबाराचे गट पडले आणि वसुलीला माणसं घरोघर जाऊ लागली. गेली पेनीला, पण दिसलं निराळंच: हा बायकोशी भांडतोय, तो पिऊन पडलाय. मेथडिस्टांचे मूळपुरुष जॉन वेस्ली यांनी तिथल्या तिथं ओळखलं, आपल्याला हवं होतं ते हेच. मेथडिस्टांची एकमेकांची विचारपूस करायची ही व्यवस्था अशी कर्जवसुलीतून निघाली. मला ही हकीकत फार आवडते, कारण तीत स्वागत समिती कुठंच नाही. हसणारा माणूस आपल्याला पाहुणा करून सोडतो. मागायला येतो तो मात्र आपल्याला घरातलं धरतो.

मी रिकामा कप घेऊन मोरीपाशी गेले. तिथले आजोबा हसलेबिसले नाहीत. ‘थांबणार आहात ना? मग पुसायला घ्या,’ म्हणत फडकं माझ्या हातात दिलं. मी कप मांडायला लागले, तर म्हणाले, ‘तिथं नाही, खालच्या फळीवर. आणि दार गुडघ्यानं ढकला, अडकतं.’ दोनदा चुकले, दोनदा बोलणी खाल्ली. निघताना बघते तर भिंतीवरच्या तक्त्यात पुढच्या रविवारी कपांसमोर माझं नाव. मला विचारलंसुद्धा नव्हतं.

‘आई, शुक्रवारी तुझं मुंबईचं विमान आहे,’ लेक म्हणाली.

‘तिकीट पुढं ढकलायला किती पडतात गं?’