आवक-जावक

नानांना ईमेल येत नाहीत, टपाल येतं. जिल्हा परिषदेच्या आवक-जावक टेबलावर उभी नोकरी गेलेली. आलेला कागद नोंद न होता केराच्या टोपलीत जावा, हे त्यांना आजही बघवत नाही. सकाळचा चहा झाला की घरातला जुना डेस्कटॉप सुरू होतो (तो सुरू होईस्तोवर दुसरा चहा होतो), चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि टपाल फुटतं.

तुम्ही-आम्ही नको ती मेल न वाचता उडवतो. नानांकडे तसं चालत नाही. समोरच्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा नाही! परदेशातल्या कुण्या दिवंगत सेनाधिकाऱ्याच्या विधवेचं लांबलचक पत्र ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, "रक्कम अंकी आणि अक्षरी जुळत नाही" असं पुटपुटतात आणि मगच कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'ब्लॉक' दाबतात. तेही असं, की माऊसमधून रबरी शिक्क्याचा आवाज यावा. मग नोंद. लाल पुठ्ठ्याच्या वहीत पट्टीनं आखलेले रकाने: अनुक्रमांक, दिनांक, प्रेषक, विषय, केलेली कार्यवाही. कार्यवाहीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ब्लॉक', आणि त्याखाली दरवेळी वेगळी, पूर्ण सही. 'वरीलप्रमाणे' त्यांना मान्य नाही.

"माझं एक पत्र कधी इतकं मन लावून वाचलं नाहीत," असं काकू स्वयंपाकघरातून ऐकवतात. त्याची नोंद होत नाही.

नानांचं दुःख एकच. आज ब्लॉक केलेला कर्जवाला उद्या नावात एक आकडा वाढवून पुन्हा दारात. मी एकदा समजावायला गेलो. पाकिटामागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसा मेलवरचा प्रेषकाचा पत्ता खोटा असू शकतो. एकेक पत्ता अडवून हे संपायचं नाही. त्यापेक्षा 'रिपोर्ट स्पॅम' दाबा, म्हणजे गाळणी हळूहळू शिकते. आणि लबाडाच्या मेलमधलं 'अनसबस्क्राइब' तर मुळीच दाबू नका, पत्ता चालू असल्याची त्याला आयती पावती मिळते. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे निर्णय यंत्र घेणार. आणि अपील कुणाकडे?"

अपील ते स्वतःच चालवतात. ब्लॉक केलेल्यांच्या मेल स्पॅमच्या फोल्डरात जातात आणि ३० दिवस राहतात, हे कळल्यापासून संध्याकाळी तिथे फेरी असते. एकदा तिथे सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस सापडली. त्या दिवशी त्यांचा चेहरा अशिलाला निर्दोष सोडवून आणलेल्या वकिलासारखा होता.

जगातली पहिली स्पॅम मेल मे १९७८ मध्ये गेली, हेही मी त्यांना सांगितलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्यानं अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांचं प्रात्यक्षिक बघायला बोलावलं होतं. लोक चिडले, त्याला तंबी मिळाली. पण म्हणे मालही चांगला खपला. "नुसती तंबी?" नाना हळहळले. "लेखी खुलासा मागवायला हवा होता. तिथेच घाण झाली."

कळस झाला तो गेल्या नोव्हेंबरात. नानांना नानांच्याच पत्त्यावरून धमकी आली: तुमचा संगणक माझ्या ताब्यात आहे, पैसे पाठवा. ही जुनी थाप. पत्ता खोटा असतो, ताबाबिबा काही नसतो. नाना घाबरले नाहीत, संतापले. माझ्याच सहीनं मला नोटीस? त्यांनी फिल्टर लावला: या पत्त्यावरून येणारं सगळं थेट ट्रॅशमध्ये. मग पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरला, फोनवर त्याचा फोटो काढला आणि छापण्यासाठी स्वतःलाच मेल केला. तो आलाच नाही. चार दिवस नाना तारखेकडे बघत बसले. शेवटी पुतणीनं तो ट्रॅशमधून उकरून काढला. नाना हयात असल्याचा पुरावा नानांनीच निकालात काढला होता. वहीत नोंद झाली; कार्यवाहीच्या रकान्यात 'ताकीद', खाली पूर्ण सही.

नानांना मेल पाठवायची असेल तर विषयाची ओळ कोरी सोडू नका, 'अर्जंट' हा शब्द टाळा आणि आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर सरळ फोन करा. फोनवर ते अजून कुणालाच ब्लॉक करत नाहीत. भर दुपारी कर्ज विकायला फोन करणाऱ्या पोरींनाही आधी जेवलीस का म्हणून विचारतात.