सोबत फोटो जोडला आहे

कौटुंबिक ग्रुपवर नुसता मजकूर पाठवणे शास्त्राला संमत नाही. मजकूर कितीही खरा असो, त्याखाली एकच अंगठा उमटतो, तोही साताऱ्याच्या आत्याचा, आणि आत्या सगळ्यांनाच अंगठा देते. याउलट ‘तुरटीच्या पाण्याने गुडघेदुखी कायमची जाते’ या ओळीवर तुरटीच्या खड्याचा झगझगीत फोटो चढवला, की दुपारपर्यंत तीन घरांत तुरटी भिजत पडलेली असते. फोटोत गुडघा नसतो. बरं झालेलं कुणी नसतं. तुरटी असते, तेवढी पुरते.

ही विद्या आजवर गुरुमुखातून, म्हणजे प्रत्येक घराण्याच्या ग्रुपवर असणाऱ्या एका काकांकडून, पुढे जात आली. तिला लेखी शिस्त नव्हती. होतकरू प्रेषकांच्या सोयीसाठी ती येथे नियमबद्ध केली आहे.

नियम पहिला : फोटोने काहीही सिद्ध करू नये.

नवशिके इथेच अडखळतात आणि पुरावा शोधत बसतात. काकांना त्याची गरज कधी भासली नाही, आणि विज्ञान काकांच्या बाजूने आहे. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या एरिन न्यूमन यांनी २०१२ मध्ये सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना नामवंतांची नावं दाखवायची आणि ‘ही व्यक्ती हयात आहे’ हे खरं की खोटं, ते झटपट सांगायला लावायचं. काही नावांबरोबर त्या व्यक्तीचा फोटो, काहींबरोबर काहीच नाही. फोटो असला की ‘खरं’ या उत्तराकडे कल वाढला. यात नवल नाही. फोटोतला माणूस टकामका बघत असतो, जिवंतच वाटणार. मग विधान उलटं केलं : ‘ही व्यक्ती मरण पावली आहे.’ तरी कल ‘खरं’कडेच. ज्या फोटोने माणूस जगवला, त्यानेच तो मारूनही दाखवला.

तोच प्रकार सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत झाला. मॅकाडेमिया हे पीचच्या कुळातलं आहे, हे विधान मॅकाडेमियाच्या फोटोसह आलं की जास्त खरं वाटलं. (पीचचा खरा भाऊबंद बदाम, मॅकाडेमियाचं घराणंच निराळं.) दाण्याच्या फोटोत वंशावळ दिसत नाही. पण दाणा डोळ्यांसमोर आला की त्याच्याबद्दलची गोष्ट मनात चटकन उभी राहते, आणि जे विनासायास उभं राहतं ते आधीपासून ठाऊक होतं असं मन धरून चालतं. हा परिणाम दोन दिवसांनीही टिकलेला दिसला, असं पुढच्या वर्षीच्या एका अभ्यासाने नोंदवलं. काकांना दोन दिवस फार झाले. ते तोच निरोप दुसऱ्या सकाळी पुन्हा पाठवतात.

२०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नव्या नोटेत नॅनो चिप असल्याची बातमी नोटेच्या फोटोसकट घरोघरी पोचली होती. नोटेचा फोटो खरा होता.

नियम दुसरा : फोटो अस्सल असावा, ओळ मात्र स्वतःची.

फोटोत खाडाखोड करणे हे मेहनतीचे आणि धोक्याचे काम आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचा फोटो पत्र सूचना कार्यालयाने प्रसिद्ध केला. विमानाच्या खिडकीत बाहेरचं शहर जरा जास्तच स्पष्ट बसवलेलं होतं. लोकांनी तासाभरात चेष्टा आरंभली आणि फोटो मागे घ्यावा लागला. कातरी-डिंकाचं काम पकडलं जातं. अस्सल फोटो दुसऱ्या गावचा, दुसऱ्या सालचा आणून त्याखाली आपली ओळ टाकली, तर त्याचा एक कणही खोटा नसतो, त्यामुळे पकडणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

या बाबतीत थोरामोठ्यांचा आदर्श समोर ठेवावा. आपल्या गृह मंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात भारतीय सीमेवरचे दिव्यांचे खांब म्हणून जो झळाळता फोटो छापला, तो स्पेन आणि मोरोक्को यांच्या हद्दीवरचा निघाला. २०१७ च्याच सप्टेंबरात पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत जखमी चेहऱ्याच्या एका मुलीचा फोटो उंच धरून काश्मीरचं दुःख सांगितलं. मुलगी गाझाची होती, फोटो २०१४ चा. दोन्ही देशांकडे यासाठी पगारी माणसं असतात. काका हे सगळं फुकट, निवृत्तीच्या वेळात, एका बोटाने टाइप करून करतात. त्यांच्याकडे जरा सहानुभूतीने पाहायला हवं.

आणि ही काही मोबाइलची देणगी नव्हे. महाराष्ट्रात एके काळी इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून चालत होतं. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचं समकालीन चित्र शोधून पुढे आणलं, तेव्हा कुठे ते हटलं. चित्राखाली नाव छापलेलं होतं, आणि छापलेल्या नावाला विचारायचं काय?

नियम तिसरा : फोटो अंधुक असल्यास उत्तम. लॉक नेसच्या राक्षसाचा १९३४ चा फोटो स्वच्छ आला असता, तर ती खेळण्यातली पाणबुडी आहे हे त्याच आठवड्यात कळलं असतं; साठ वर्षं गेली.

नियम चौथा : शक्यतो एखादा विद्वान गाठावा.

खोटं फक्त भोळ्यांना पटतं, हा समज सोडून द्यावा. १९१७ साली इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळच्या कॉटिंग्ले गावी सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी ओढ्याकाठी पऱ्यांबरोबर फोटो काढले. पऱ्या कागदाच्या होत्या. लहान मुलांच्या एका पुस्तकातल्या चित्रांवरून काढलेल्या, कापलेल्या, टोपीला लावायच्या पिनांनी उभ्या केलेल्या. एल्सीच्या वडिलांना पहिल्यापासून संशय होता. पोरी खोड्या काढतायत, हे बापाला कळतंच. कोडॅक कंपनीच्या तज्ज्ञांना फोटोत फेरफार दिसला नाही, पण त्यांनी अस्सलपणाचं प्रमाणपत्र द्यायला नकार दिला.

पटलं कोणाला? तर सर आर्थर कॉनन डॉयल यांना. चिखलाच्या एका डागावरून माणूस कुठून आला हे ओळखणारा शेरलॉक होम्स ज्यांनी घडवला, त्यांनी डिसेंबर १९२०च्या ‘स्ट्रँड’ मासिकात या पऱ्यांवर लेख लिहिला आणि पुढे अख्खं पुस्तक. पऱ्यांचे केस त्या काळच्या फॅशनप्रमाणे वळवलेले होते, हे लोकांनी निदर्शनास आणून दिलं. उपयोग झाला नाही. गंमत अशी, की एल्सीने ज्या पुस्तकातून पऱ्या उचलल्या, त्याच पुस्तकात खुद्द डॉयल यांची एक कथा होती. त्यांनी आपल्या लेखक-प्रतीची पानं उलटली असती तरी भागलं असतं. दोघी बहिणींनी कबुली दिली ती १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. तेव्हाही फ्रान्सिस म्हणत राहिली की पाचवा फोटो मात्र खरा आहे.

डॉयल मूर्ख नव्हते. त्यांना पऱ्या हव्या होत्या. काकांनाही हवं ते फार साधं असतं : आपले पूर्वज हुशार असावेत, गुडघा दुखू नये, नातवंडं सुखरूप असावीत. फोटो त्या इच्छेला फक्त खुर्ची देतो.

नियम पाचवा : आलेख व मेंदूची रंगीत छायाचित्रे जपून वापरावीत.

मजकुराशेजारी मेंदूचं चित्र असलं तर वैज्ञानिक दावा अधिक पटतो, असं २००८ च्या एका गाजलेल्या शोधनिबंधाने सांगितलं. पुढे २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने, ज्यात वर आलेल्या न्यूमनबाईही होत्या, सुमारे दोन हजार लोकांवर ते पुन्हा तपासलं, परिणाम जेमतेम. आलेखाचं तर त्याहून बहारदार. साधा स्तंभालेख जोडला की औषधाची जाहिरात पटते, असं २०१४ मध्ये जाहीर झालं. इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसं काही दिसलं नाही. मूळ लेखकांपैकी कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉन्सिंक यांना त्यांच्या इतर संशोधनातल्या गैरप्रकारांमुळे २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. आलेखाने माणूस फसतो हे मात्र अजूनही व्याख्यानांतून सांगितलं जातं, बहुधा आलेख दाखवून.

नियम सहावा : प्रत्येक निरोपाला फोटो लावू नये. न्यूमन यांच्याच २०१५ च्या प्रयोगांत काही विधानं फोटोसह आणि काही फोटोविना असली, तरच फरक पडत होता. सगळ्यांनाच फोटो लावले की जादू ओसरली. हा नियम काका पाळत नाहीत. शुभ सकाळलासुद्धा सूर्यफूल असतं.

नियम सातवा : व्हिडिओचा शेवट कापावा.

कराचीतल्या ‘रोशनी’ या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक छोटा व्हिडिओ केला होता. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलून नेतात. थोड्या वेळाने परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि फलक दाखवतात : मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. हा शेवटचा भाग कुणीतरी कापला. उरलेला तुकडा भारतात मुलं पळवणाऱ्या टोळीचा म्हणून फिरला. असल्या निरोपांनी २०१८ च्या उन्हाळ्यात गावंच्या गावं रात्री जागी ठेवली. १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागत हिंडणारे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं जाहीर केलं.

हा नियम रद्द समजावा. मार्गदर्शिकेच्या पुढच्या आवृत्तीत तो छापला जाणार नाही.

आता काकांविषयी दोन शब्द, कारण त्यांच्यावर फार झालं. हाच माणूस मंडईत भेंडीचं टोक मोडल्याशिवाय पावशेर घेत नाही. नोकरीत असताना त्याने प्रवासभत्त्याची खोटी बिलं पकडली, ती कशी? तारीख बघून, पावतीपुस्तकाचा क्रमांक बघून, खालची सही कुणाची ते विचारून. फोटोलाही नेमकं हेच विचारायचं असतं. गूगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कुठे, कोणत्या साली छापला गेला ते बऱ्याचदा दोन मिनिटांत निघतं. दुकानाच्या पाटीवरची लिपी कोणती, गाडीची नंबरप्लेट कशी, वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालली आहेत, पोलिसाच्या गणवेशाचा रंग काय, हे बघायला तंत्रज्ञान लागत नाही. आणि सगळ्यात आधी ओळ बोटाने झाकून उरलेला फोटो बघायचा : यात दिसतंय काय? तुरटी. बरं, मग? यंत्राने बनवलेल्या चित्रांना मात्र आधीचं सालच नसतं, आणि बोटं मोजून त्यांना पकडायचे दिवसही सरत आले. तिथे उरतं ते एवढंच, की हे आणखी कोणी सांगतंय का ते बघायचं.

हे सगळं काकांना येतं. ते भावाच्या मुलाने सांगितलेलं चालत नाही, इतकंच.

नियम आठवा, आणि हा भाच्या-पुतण्यांसाठी : खुलासा पाठवायचा तर तोही फोटोसह पाठवावा. चौदा ओळींचा निव्वळ मजकूर, खाली निळी लिंक, वर ‘कृपया खात्री करून पाठवत जा’, हे कोणी वाचत नाही; आत्या अंगठा देते. उदाहरण दिवाळीचंच घ्यावं. दर दिवाळीला काका अंतराळातून दिसणारा भारत पाठवतात : निळा, हिरवा, लाल, पांढरा, झुंबरासारखा लखलखीत, सोबत नासाचं नाव. तो नकाशा अमेरिकेच्या हवामान व महासागर संस्थेतल्या ख्रिस एल्विज यांनी केलेला आहे, १९९२ ते २००३ या काळातल्या उपग्रहांच्या नोंदी एकावर एक चढवून. वस्ती आणि वीज कशी पसरत गेली ते कळावं म्हणून प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग दिला. १९९२ च्या आधीचे दिवे पांढरे, २००३ मध्ये नवे दिसलेले लाल. यात पणती एकही नाही. नासाने २०१२ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचा खरा फोटो मुद्दाम प्रसिद्ध केला आणि सांगितलं की दिवाळीने वाढणारा उजेड इतका थोडा असतो, की अंतराळातून बहुधा जाणवणारही नाही.

एका पुतण्याने तो करड्या रंगाचा फोटो खुलाशासह ग्रुपवर टाकला. काकांचं उत्तर लगेच आलं : “छान. पण हा फिका आहे, आधीचाच बरा होता.”