आर्किटेक्टसाहेब, एका क्वेरीत भागलं असतं

मा. आर्किटेक्टसाहेब यांस,



आपण पुण्याहून नाशिकला आलात, आमच्या ट्रॅफिकला नावं ठेवलीत, फळ्यावर चार चौकोन काढलेत आणि फर्मान सोडलंत: डेटाबेसचं सगळं काम जावाच्या हायबरनेटमध्ये, कोडमध्ये एसक्यूएलची एक ओळ दिसता कामा नये. काय तो दरारा! मग आपण दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलात. आम्ही इथेच राहिलो, द्राक्षाचा हंगामही राहिला. म्हणून हे जाहीर आभारपत्र.

अ‍ॅप्लिकेशन द्राक्षाच्या पॅकहाऊसचं आहे, हे आपल्या कानावर आलं होतं ना? निर्णयावरून तसं वाटत नाही. माल युरोपला जायचा तर नोंदणी केलेला प्लॉट, त्यावरच्या फवारण्या, कीडनाशकांच्या अंशांचा प्रयोगशाळेचा अहवाल, सगळं जुळावं लागतं. निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारं अपेडाचं ग्रेपनेट आल्यापासून आमच्या बागायतदारांना हे तोंडपाठ आहे. पॅकहाऊसवाल्याला रोज सकाळी एकच यादी हवी असते: कोणाच्या कोणत्या प्लॉटवर शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली.

आता समजा ४०० शेतकरी, प्रत्येकाचे दोन प्लॉट. आपल्या सोवळ्या रचनेत शेतकऱ्यांची यादी आणायला १ क्वेरी, प्रत्येकाचे प्लॉट आणायला ४००, प्रत्येक प्लॉटच्या फवारण्या आणायला ८००. झाल्या १,२०१. जॉइन लावला असता तर एक. बागेत क्रेट भरून तयार आहेत आणि टेंपो दर खेपेला एकच क्रेट आणतोय, असा हा कारभार. डेमोला आपण पाच शेतकरी भरले होते, तेव्हा यादी कशी झर्रकन आली होती!

(‘जॉइन फेच लिहा की,’ असं म्हणाल. म्हणजे शेवटी क्वेरी हातानंच लिहायची ना? मग एसक्यूएलनं आपलं काय घोडं मारलं होतं?)

आपला हुकमी एक्का होता, ‘उद्या डेटाबेस बदलायचा झाला तर?’ साहेब, फुकटचं पोस्टग्रेस सोडून ओरॅकलचं लायसन घ्यायला निघालेला पॅकहाऊसवाला एकदा दाखवाच. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत त्याचा सत्कार करू.

हायबरनेटवर माझा राग नाही. ईजेबीच्या एंटिटी बीन्सना कंटाळून गेविन किंग यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. शेतकऱ्याची नोंदणी, पत्ता बदलणं, असल्या फॉर्मना ते झकास चालतं. पण हायबरनेट घेतलं म्हणून प्रत्येक ठिकाणी तेच वापरायला हवं असं नाही, हे खुद्द किंग यांनीच सांगितलंय. देवापेक्षा भक्तच कडक! अहवालांसाठी मायबॅटिस, जूक किंवा साधं जेडीबीसी त्याच अ‍ॅप्लिकेशनमध्ये गुण्यागोविंदानं नांदतं. डॉटनेटच्या जगात स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांनी वेगासाठी स्वतःचं डॅपर लिहिलं आणि २०११ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. त्यात एसक्यूएल उघड्यावर, हातानं लिहिलेलं असतं. कोणी बाटलं नाही.

तर साहेब, आपलं फर्मान आम्ही मोडलंय. सकाळची ती यादी आता हातानं लिहिलेल्या क्वेरीतून येते आणि ती क्वेरी आम्ही काढणार नाही. पुढच्या क्लायंटकडे जाल तेव्हा चौकोन काढण्याआधी त्याचे सगळ्यात जड अहवाल मागून घ्या, पूर्ण हंगामाचा डेटा भरा, क्वेरीचा लॉग चालू करा आणि स्वतः बसून मोजा. फ्रेमवर्कचं नाव त्यानंतर उच्चारा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लॉग वाचत बसलेला नाशिकचा एक डेव्हलपर