तीन वर्षं कशाला वाया घालवायची?

इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्यांचं भाग्य थोर. त्यांना शिकवायला अख्खं गाव तयार असतं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लग्नाच्या पंगतीत कुणी पुंजभौतिकी समजावत नाही. इतिहासवाल्याला मात्र पानात जिलबी पडायच्या आत १७६१चं पानिपत का हरलो ते कळतं, तेही छातीठोक.

पूर्वी ही सोय नव्हती. वि. का. राजवाड्यांनी जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. बिचाऱ्यांकडे मोबाइल नव्हता.

विद्यापीठांनी आता तरी मनावर घ्यावं. मोडीचे वर्ग बंद करून फॉरवर्डचे सुरू करावेत. तळटीप म्हणून ‘जास्तीत जास्त शेअर करा’ ग्राह्य धरावं. तोंडी परीक्षा वाहिनीवरच्या चर्चेत घ्यावी. समोरच्याला बोलू न देणाऱ्यास प्रथम श्रेणी.

शिस्त मात्र हवीच. एका कौटुंबिक ग्रुपवर तृतीय वर्षाच्या मुलीनं इतिहासाच्या अशाच एका फॉरवर्डखाली विचारलं, ‘‘याचं अस्सल पत्र कुठं आहे?’’

ॲडमिन काकांनी तिला तत्काळ काढून टाकलं. कारणही दिलं : विषयाचा अभ्यास नाही.