ब्लँक केलं का?

प्रत्येक विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात हा माणूस असतोच. आमच्याकडचा पहिल्या मजल्यावर बसतो. जिना चढून डावीकडे वळलं की जिथून इथाइल ॲसिटेटचा गोडसर वास सुरू होतो, तिथून त्याचं राज्य. दारावर नाव आणि खाली 'मॉलिक्युलर सेन्सिंग अँड कॅटॅलिसिस' अशी भारदस्त पाटी. विद्यार्थी समोर 'सर' म्हणतात आणि पाठ फिरली की 'ब्लँक सर'.

ब्लँक म्हणजे काय, हे मला मराठी विभागात बसूनही आता पाठ झालं आहे. प्रयोगातली मुख्य वस्तू तेवढी वगळायची, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि पुन्हा करून बघायचं. कॅटॅलिस्टमुळे रिॲक्शन झाली म्हणता ना? मग कॅटॅलिस्ट न घालता लावा. तरीही झाली, तर तुमचा कॅटॅलिस्ट फुकटचं मानधन घेत होता. विचार अगदी सरळ आहे. तो प्रयोगशाळेच्या उंबऱ्याआड राहिला असता तर सरांना गावात मित्र उरले असते.

शेजाऱ्यांनी वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून दार पूर्वेला फिरवलं आणि मुलाला नोकरी लागली. पेढे घेऊन ते दाराशी उभे, आणि सर विचारतात, "दार परत दक्षिणेला केलं तर नोकरी जाते का, बघितलं?" वर्षभर बोलणं बंद. वहिनींच्या काढ्याचंही तेच. "सात दिवसांत सर्दी गेली की नाही?" असं त्यांनी विचारलं, तर हे म्हणाले, "काढ्याशिवाय किती दिवसांत जाते? ब्लँक केलं का?" पुढच्या सर्दीला वहिनींनी ब्लँक केलं. काढा नाही, आल्याचा चहा नाही, मऊ भात नाही, विचारपूससुद्धा नाही. सर शिंकत शिंकत माझ्याकडे तक्रार घेऊन आले : "अहो, एका वेळी एकच घटक बदलायचा असतो!"

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी एक कथा ऐकावी लागते. मी ती कीर्तनासारखी अनेकदा ऐकली आहे. सुझुकी कपलिंग ही कार्बनला कार्बन जोडण्याची युक्ती. ती पॅलेडियमच्या जोरावर चालते, आणि अशा जोडणीबद्दल २०१० साली हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना नोबेल मिळालं. पॅलेडियम महाग. २००३ साली लेडबीटर आणि मार्को यांनी जाहीर केलं की हीच जोडणी कुठल्याही धातूशिवाय होते. रसायनवाल्यांत खळबळ! दोन वर्षांनी खुद्द लेडबीटर यांच्याच गटाने खोदून काढलं की त्यांनी वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्येच पॅलेडियम लपलेलं होतं : अब्जात पन्नास भाग. "म्हणजे एक टन धुण्याच्या सोड्यात पन्नास मिलिग्रॅम!" इथे सर टेबलावर थाप मारतात. "आणि त्यांनी स्वतःच शोधून स्वतःच छापलं. याला म्हणतात रसायनशास्त्रज्ञ." सरांच्या देवघरात लेडबीटर यांची तसबीर नाही इतकंच.

या कथेचे परिणाम विद्यार्थी भोगतात. फ्लास्कमध्ये भोवऱ्यासारखा फिरणारा टेफ्लॉनचा मॅग्नेट असतो, त्याच्या चरांमध्ये जुना धातू दडून बसतो. म्हणून पॅलेडियमवाल्यांचे मॅग्नेट वेगळ्या डबीत, लाल टेपने. डबी चुकली तर महिनाभराचं काम सिंकमध्ये. कुणाला ९८ टक्के यील्ड मिळालं की लॅबमध्ये सुतकी शांतता पसरते, कारण सर चेहरा पाडून येतात आणि म्हणतात, "एवढं कसं आलं?" ६२ टक्के आलं तर खूश असतात. निकाल ज्याचा, चहा त्याच्याकडून, असा लॅबचा रिवाज. ९८वाल्याकडचा चहा मात्र सर कधी घेत नाहीत.

असा हा संशयात्मा. पण एका कोपऱ्यापाशी त्याचं सगळं शहाणपण संपतं. स्फटिक वाढवायची व्हायल सर फक्त पूर्वेकडच्या खिडकीत, जुन्या कॅलेंडरसमोर ठेवतात. दुसरीकडे स्फटिक पडत नाहीत अशी त्यांची ठाम श्रद्धा. एका आगाऊ पोराने विचारलं, "सर, दुसऱ्या खिडकीत ब्लँक केलं का?" सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "तुझा थिसिस कधी द्यायचा विचार आहे?"

सेन्सिंगचं प्रकरण अधिक देखणं. काळोख्या खोलीत यूव्ही दिव्याखाली व्हायल धरायची. ठरावीक आयन आत पडला की द्रावण झगमगतं किंवा रंग बदलतं. पाहुणे हरखतात, कुलगुरू फोटो काढून घेतात. सरांचा लाडका रेणू फ्लोराइड ओळखायचा. फिकट पिवळं द्रावण, फ्लोराइड टाकला की गर्द लाल. विषय गरजेचाच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेला की पाणी पिण्याजोगं राहत नाही, पोरांचे दात तपकिरी होतात, पुढे हाडं धरतात.

आणि त्याच यवतमाळकडची एक मुलगी पीएचडीला आली. दिवाळीची सुटी संपवून येताना गावच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. सरांच्या रेणूत दोन थेंब टाकले, काही नाही. मग तिने आधीच लाल झालेल्या द्रावणात पाणी टाकलं, तर लाली क्षणात उतरली. हा रेणू कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये काम करायचा. पाण्यात फ्लोराइडभोवती पाण्याच्या रेणूंचा असा गराडा पडतो की त्याला दुसऱ्या कुणाकडे वळून बघायला सवड नाही. मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या गावात ॲसिटोनायट्राइल कुणी पीत नाही."

मी तिथेच बसलो होतो. सर मिनिटभर काही बोलले नाहीत. पुढे हेच वाक्य त्यांनी तिच्या नावासकट प्रत्येक परिषदेत, स्वतःच्याच जुन्या पेपरची स्लाइड लावून ऐकवलं. असे सेन्सर जर्नलांत पोत्याने छापलेले, त्यामुळे सभागृहातले निम्मे लोक बुटांकडे बघू लागायचे.

मुलीने दुसरा रेणू रचला. चमकणाऱ्या भागावर सिलिकॉनचं टोपण. फ्लोराइडला सिलिकॉनची ओढ भारी, तो टोपण उडवतो आणि आतला निळा उजेड बाहेर पडतो. रात्रभर ठेवलं. सकाळी गावच्या पाण्याची व्हायल निळी! लॅब नाचली, तिने पेढे आणले. सरांनी पेढा हातात धरला आणि मंडळी मनातल्या मनात म्हणाली, आलं आता.

"फ्लोराइडवालं पाणी अल्कधर्मी असतं. फ्लोराइड नसलेलं, पण तेवढंच अल्कधर्मी पाणी... ब्लँक केलं का?"

तिने केलं. बायकार्बोनेट घालून पीएच जुळवला, दोन व्हायली शेजारी ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही सारख्याच निळ्या. मुलीचे डोळे भरले. सरांचा चेहरा मात्र असा उजळला की यूव्ही दिव्याची गरज नव्हती. "अगं, रडतेस काय? आता कळलं ना नेमकं कुठे अडतंय! टोपण सैल आहे, जाड ग्रुप लावू." खडूने फळ्यावर तीन रेणू काढले, दोन पुसले आणि सगळ्यांना कँटीनकडे पिटाळलं. त्या दिवशी चहाचे पैसे सरांनी दिले, वर सगळ्यांना खारी मागवली.