एनभाई

असा एक मुलगा तुमच्याही ओळखीत असणारच. नसला तर होईल, कारण हल्ली हा विषय घेणारी पोरं वाढताहेत. (हे वाक्य त्याच्यासमोर म्हणायची सोय नाही. "वाढताहेत? कुठे बघितलंत? एन किती?" असं लगेच येईल.)

आमच्या सोसायटीतला हा नमुना वीस वर्षांचा आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या सायन्स फॅकल्टीत बी.एस्सी. करतो, विषय स्टॅटिस्टिक्स. एन म्हणजे त्यांच्याकडे किती जणांना विचारलं, किती वेळा पाहिलं, तो आकडा. पहिल्या सेमिस्टरला हे अक्षर त्याच्या तोंडाला लागलं ते लागलंच. बडोद्यात कुणालाही भाई जोडल्याशिवाय हाक मारता येत नाही, म्हणून तो एनभाई झाला. आता वॉचमनसुद्धा त्याला याच नावानं ओळखतो.

सेव-उसळ पूर्वीसारखी झणझणीत राहिली नाही, असं तुम्ही सहज म्हणावं. "किती ठिकाणी खाल्लीत? पूर्वी किती वेळा? एन किती?" गरब्याला लाखभर माणूस होतं म्हणावं, तर तो मैदानाची लांबी-रुंदी विचारतो. नाक्यावर एका क्लासचा फलक लागला, 'शंभर टक्के निकाल'. आपण वाचतो आणि पुढे जातो. यानं खालच्या नंबरवर फोन केला. विद्यार्थी तीन होते.

समोरच्या काकूंच्या मुलीचं जमत आलं होतं. मुलगा स्वभावानं फार चांगला आहे, असं काकू पेढे देता देता म्हणाल्या. "किती वेळा भेटलात?" "एकदा." "म्हणजे एन एक. काकू, एकावरून व्हेरिअन्सच निघत नाही." व्हेरिअन्स म्हणजे काय हे काकूंना ठाऊक नव्हतं, पण मुलाकडून तो निघत नाही म्हटल्यावर त्या हबकल्या. साखरपुडा महिनाभर लांबला.

एनभाईचे वडील बिचारे सरळमार्गी. त्यांना मुलगा इंजिनियर हवा होता. कलाभवनाच्या त्या जुन्या इमारतीत तो शिकेल, हे त्यांनी त्याच्या बारशालाच ठरवलं होतं. "आकडेमोड करून पोट भरतं का हो?" असं ते मला विचारायचे. त्यांची समजूत काढावी म्हणून मी एकदा सांगायला बसलो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे रोमला अन्न आणि कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले, जगात उपाशी किती याचा हिशेब मांडत बसले. कोल्हापूरच्या व. शं. हुजूरबाजारांनी पुण्याला विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. दोघांना पद्मभूषण. वडील जरा सैल झाले होते. तेवढ्यात हा आतून म्हणाला, "काका, दोनच झाले. आणि तुम्ही नाव काढलेलेच मोजताय. ज्यांचं काही झालं नाही ते किती?" मी याच्याच बाजूनं बोलत होतो!

अभ्यास काय करतो म्हणून एकदा त्याची जर्नल उघडून पाहिली. आखीव तक्ते, आलेखाचा कागद चिकटवलेला, मार्जिनमध्ये कॅल्क्युलेटरवरून उतरवलेले चार-चार दशांश. एका पानावर घोड्यांची लाथ बसून मेलेले प्रशियन सैनिक होते. बोर्टकिविच नावाच्या गृहस्थानं १८९८ साली ते पुस्तकात घातले आणि तेव्हापासून प्वासाँचं वितरण शिकणारी पोरं ते मोजताहेत. दहा सैन्यदलं, वीस वर्षं, मेले १२२. दोनशेपैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, आणि सूत्रानं येतात १०८.७. घोड्यांच्या लाथांनासुद्धा इतकी शिस्त असते हे मला नवीन होतं.

"काका, घोड्यांच्या जागी आपल्या गाई घेतल्या तर?"

आमच्या रस्त्यांवरच्या गाई कुणी पाहिल्या असतील त्याला हे लगेच पटेल. हा वही घेऊन चौकात उभा. तासात किती स्कूटरवाल्यांना धडक बसते ते लिहायचं. पहिल्या दिवशी काहीच घडलं नाही. मी हसलो, तर म्हणाला शून्य हासुद्धा डेटा आहे. दोन दिवसांनी यादीत एकाची भर पडली आणि हा कोपराला पट्टी बांधून जिना चढताना दिसला. लागलंय किती हे सांगायचं सोडून त्याचा प्रश्न वेगळाच. "मोजणाऱ्यानं स्वतःला धरायचं का? बायस येईल ना?"

घरात त्याला पुरून उरणारी एकच व्यक्ती, आजी. टी-टेस्ट शोधणारा गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअरच्या कारखान्यात कामाला होता, आणि १९०८ साली त्यानं ती 'स्टुडंट' या टोपणनावानं छापली, हे एनभाईनं जेवताना सांगितलं. दारूबंदीच्या राज्यात मुलं कॉलेजात बिअरवाल्याची विद्या शिकतात म्हटल्यावर आजीचा घास हातात राहिला. "शिव शिव! त्यापेक्षा चहाची काही परीक्षा असेल तर ती घे."

दुर्दैवानं तीही आहे. चहा आधी ओतला की दूध, हे चवीवरून कळतं म्हणणाऱ्या बाईंपुढे फिशर या संख्याशास्त्रज्ञानं आठ कप ठेवले होते, ती गोष्ट यांना प्रयोगाची आखणी शिकताना असतेच. आणि आजीचा दावा जुना होता, की सुनेच्या हातचा चहा ती डोळे मिटून ओळखते. झालं. चार कप आजीनं केलेले, चार सुनेनं, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवलेला. डोळ्यांवर पंचा बांधून आजी पाटावर, आणि पंच म्हणून मी. पहिला कप तोंडाला लावून आजी म्हणाली, "हा हिचा. पाणचट." तो आजीचा स्वतःचा होता. सुनेच्या चारांपैकी तीन तिनं बरोबर काढले.

एनभाईनं हिशेब मांडला. नुसत्या अंदाजानं तीन किंवा जास्त बरोबर यायची शक्यता सत्तरात सतरा. "म्हणजे आजी, तुला ओळखता येतं हे सिद्ध झालेलं नाही. येत नाही, हेही सिद्ध झालेलं नाही." आजी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. सूनबाई मात्र आठवडाभर गुणगुणत होत्या.

एवढं सगळं असूनही या मुलाबद्दल मला चार शब्द बरे लिहावे लागताहेत, त्याला आमची विश्वामित्री नदी जबाबदार आहे.

ऑगस्ट २०२४चा पूर. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी ३५च्या वर. वीज गेली, खालचे मजले बुडाले आणि ज्यांच्या फोनात जीव होता ते एकमेकांना मगरी पाठवू लागले. रस्त्यावर पन्नास मगरी फिरताहेत, असा संदेश आला. त्याही वेळी एनभाईनं उत्तर टाकलं, "पन्नास मगरी, की एक मगर पन्नास जणांनी पाहिली?" दुसऱ्या दिवशी होडीतून दूध आलं. सेक्रेटरींनी लिहिलं, 'सर्वांना दूध पोहोचलं. आभार.' अंगठ्यांची रांग लागली. त्या रांगेत एकच प्रश्न, "सर्वांना म्हणजे एन किती?" वेळ काय, काळ काय, म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले.

हे मला मागाहून कळलं. आमचा तळमजला पाण्यात गेला होता आणि फोन केव्हाच बंद पडला होता. शेजाऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटची किल्ली आमच्याकडे असते. तिथे मी आणि आमची ही अंधारात बसलो होतो. आम्ही मांजलपूरला मेहुण्याकडे गेलो, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. दार वाजलं. कमरेपर्यंत भिजलेला एनभाई, प्लॅस्टिकच्या पिशवीत वही.

"साठ घरांपैकी एकोणसाठच होत होती," तो म्हणाला. दुधाची पिशवी दिली. आत ये म्हटलं तर आला नाही. "माणसं दोन ना? इथे सही करा."

आता तो शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एम.एस्सी. करून इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा द्यायची म्हणतो. वडिलांचं म्हणणं, कॉम्प्युटरचा कोर्स कर आणि सगळे जातात तसा कॅनडाला जा. परवा समजूत घालायला त्यांनी मलाच पाठवलं. दूध प्यायलेलं असल्यामुळे मी बेतानंच बोललो. तिकडे गेलेली मुलं सुखात आहेत, एवढंच म्हटलं.

"कुणावरून म्हणता, काका?"

"आमच्या मुलावरून."

मी पुढच्या प्रश्नाची तयारी करून बसलो होतो. तो प्रश्न त्यानं विचारलाच नाही. "ते कधी येणार आहेत?" म्हणाला. कार्ट्याला केव्हा काय विचारावं याचं अजून भान नाही.