डबा आपला, कुलूप कंपनीचं

घाटंजीच्या शेतकऱ्याला कापूस विकायचा तर आधी मोबाइल काढावा लागतो. 2025च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायला ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी लागते. पेरा ई-पीक पाहणीत नोंदवायचा, विमा ऑनलाइन काढायचा. नेट ही चैन राहिली कुठे?

आणि रेंज? गावात एका कंपनीची, शिवारात दुसरीची.

म्हणून घरात हॉटस्पॉटचा डबा येतो, रोख पैसे मोजून. पुढे दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ येतो. सिम बदललं की दिवा लाल!

जिओचा हॉटस्पॉट जिओफाय फक्त जिओच्या सिमवर चालतो. एअरटेलच्या नावाने विकलेला हुवावेचा हॉटस्पॉटही तसाच बांधलेला. यंत्रात खोट नाही, अडवतं ते आतलं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याची मालकी कशी?

20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. नंबर सुटला, डबा अडकला.

मग पोरं खटपटीला लागतात. जुन्या हुवावेचं कुलूप उघडायला आयएमईआयवरून, म्हणजे यंत्राच्या ओळख क्रमांकावरून, काढलेला कोड चालायचा. दहादा चुकला की वाट कायमची बंद. पुढच्या मॉडेलांत झाकण उघडायचं, बोर्डावरचा बारीक ठिपका सुईने धातूच्या कवचाला टेकवायचा, त्याच क्षणी यूएसबी जोडायची आणि अनलॉक फर्मवेअर भरायचं. मध्येच लाइन गेली?

डबा मेला.

शिवाय ती फाइल बनवली कुणी? घरातला बँकेचा व्यवहार त्याच डब्यातून जातो. आणि आयएमईआय बदलून देतो म्हणणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढूच नका. 2023च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे.

एवढी जोखीम गिऱ्हाइकाने का घ्यायची? कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून नवा मोबाइल कुलपाविनाच विकावा लागतो. ब्रिटननेही डिसेंबर 2021 पासून कुलूपबंद फोन विकणं थांबवलं. तिथल्या कंपन्या बुडाल्या का?

भाड्याचा डबा कंपनीचा, मान्य. पूर्ण किंमत घेतलेल्या डब्याचं कुलूप उघडायचा कोड मात्र बिलासोबतच मिळाला पाहिजे, आणि तसा नियम दूरसंचार नियामक ट्रायने करावा. तोवर दुकानात पैसे देण्याआधी खिशातलं दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात घालून बघा. नेट चालू झालं तरच डबा घ्या.